वासराच्या नावाचं कातडं

वर्ध्यात पेट्या सुधारणारे तिघंजण होते, पण पियानो उघडून त्याच्या पोटात हात घालायची छाती एकट्या लहानू ताकसांडेची होती. सिंदी मेघेत त्याचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, कव्वालांच्या पेट्या तिथं भाते उघडे टाकून पडलेल्या असत. त्याची बायको तानाबाई म्हणायची, "हे घर नाई, पेट्यायचा दवाखाना हाये. फरक एवढाच, इथले पेशंट मरतबी नाईत आन् घरीबी जात नाईत."

पियानोची विद्या त्यानं नागपूरला मिळवली होती. तिथल्या सदर भागात डिमेलो नावाचे एक म्हातारे गोवेकर चर्चमधले आणि क्लबातले पियानो सांभाळत. त्यांच्या हाताखाली लहानूनं सात वर्षं काढली. पण वर्ध्यात पियानो होते कुठं? शिकलेलं सगळं हातातच राहिलं. चालता चालता त्याची बोटं कधी कधी हवेत चालायची, तेव्हा तानाबाई दुसरीकडं बघायची.

एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतर त्याला मुलींच्या शाळेतून बोलावणं आलं. शाळेला जानेवारीत पंचवीस वर्षं होणार होती. पुलगावकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या बंगल्यात गोऱ्या साहेबाचा पियानो धूळ खात होता, तो मालकानं शाळेला देऊन टाकला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्यावर निजवून आणला. शाळेत गाणं शिकवणाऱ्या लीलाबाई लहानपणी जबलपूरच्या कॉन्व्हेंटात पियानो शिकल्या होत्या. वीस वर्षांनी त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं, तर आतून नुसता खट्ट आवाज आला. माहेरचं दार उघडावं आणि आत कोणी नसावं, तसं त्यांचं तोंड झालं.

लहानूनं समोरची फळी काढली. तारा शाबूत होत्या. हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा बरा होता. कातडं मात्र सगळं गेलेलं. वाळल्या चिंचेच्या सालीसारखं कडक, कुठं चकाकलेलं, कुठं भोक पडलेलं.

"एवढ्याशा कातड्यानं एवढा मोठा पियानो बसतो?" लीलाबाईंनी विचारलं.

"त्याच्यावरच सारा खेळ हाये बाई," लहानू म्हणाला. त्यानं पट्टी हळू दाबून दाखवली. "हे पाहा. पट्टी दाबली का हा लाकडाचा दांडा वर येते आन् हातोडीच्या टाचेले ढकलते. हातोडी तारेकडं निघाली. आता तार गव्हाच्या दाण्याएवढी दूर राह्यली का या दांड्यानं टाचेखालून निसटाले पायजे. तेवढं शेवटचं हातोडी एकटी जाते, मारते आन् मागं येते. नाई निसटला तर हातोडी तारेवरच दाबून बसते. सूर निंगतच नाई. म्हून टाचेले मऊ कातडं पायजे. दांडा त्याच्यावरून लोण्यावानी घसरला पायजे."

"आणि ही मागची शेपटी?"

"मागं आलेल्या हातोडीले धरते. नाई धरली तर ते उडी मारून दोनदा वाजते. त्या शेपटीवरबी कातडंच, पण लव उभी असलेलं. पकडणारं."

लीलाबाईंनी वाकून शेपटीला बोट लावून पाहिलं. "म्हणजे आईनं लेकराचं बोट सोडायचं, आणि पडायच्या आत धरायचं."

"हां," लहानू हसला. "डिमेलो साहेबानं मले हेच सांगाले दोन वर्सं लावली."

याच कामाचं कातडं लहानूनं जपून ठेवलं होतं. डिमेलो मुंबईला लेकीकडं गेले तेव्हा जाताना त्यांनी विलायती हरणाच्या कातड्याची एक गुंडाळी त्याला दिली होती. सायीसारखं मऊ, एका बाजूला मखमलीसारखी लव. आठ वर्षं ती लोखंडी पेटीत कापूर घालून ठेवली होती. त्यानं ती शाळेत आणली, आणि तिथंच घोडं अडलं.

शाळेचे सर्वेसर्वा अण्णाजी. सत्तरीचा माणूस, अंगावर स्वतः कातलेल्या सुताचं धोतर. आपला संडास आपण धुवायचे, बौद्धवाड्यात कुणाच्याही चुलीजवळ बसून भाकर खायचे. त्यांच्या तोंडून कुणाला अरेतुरे गेलेलं वर्ध्यानं ऐकलं नव्हतं. लहानूलाही ते लहानूभाऊच म्हणत. पण शाळेचा एक नियम पहिल्या दिवसापासून होता. मारलेल्या जनावराचं कातडं आवारात येणार नाही. मुलींच्या चपला फाटकाबाहेर राहत. आपल्या मरणानं मेलेल्या गुराचं कातडं तेवढं चाले.

अण्णाजींनी गुंडाळीवर हात ठेवला नाही. नुसतं विचारलं, "हे हरीण कसं मेलं, लहानूभाऊ?"

"साहेबाच्या मुलखातलं हाये जी. कसं मेलं आता कोन सांगन."

"मारलंच असणार. हे नको. आपल्याकडे मेलेल्या गुराचं बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं मिळतं. ते वापरा."

लहानूनं समजावून पाहिलं. मग बोलणं सोडलं आणि करून दाखवलं. ते जाड गाईचं कातडं रापीनं तासून तासून कागदासारखं केलं, पाच हातोड्यांना सरसानं चिकटवलं, शंखजिरं चोळलं. अण्णाजींना म्हणाला, दाबा. अण्णाजींनी एक बोट पट्टीवर ठेवलं. ठक. दांडा टाचेखाली रुतला, निसटला नाही. हातोडी तारेला चिकटून बसली. दुसरी दाबली. ठक. तिसरी निसटली, पण मागच्या शेपटीला पकड नव्हती, एका सुराचे दोन झाले. बाभळीनं त्या कातड्यात जो ताठा भरला होता तो तासून जाणारा नव्हता.

ज्या सरसानं ते चिकटवलं होतं तो सरस कुणाची हाडं-कातडी उकळून करतात, हे मात्र अण्णाजींनी कधी विचारलं नाही. लहानूनंही सांगितलं नाही.

अण्णाजी विचारात पडले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "लहानूभाऊ, कोवळ्या वासराचं कातडं तर मऊ असतं ना? आणि तुमच्याकडे ही विद्या पिढीजात आहे. तुमचे वडील तर त्यातले जाणकार होते, मी ऐकून आहे. चांगल्या हातानं कमावलं तर तुमच्या त्या विलायती हरणाच्या तोंडात मारेल असं होईल."

ते इतक्या मायेनं बोलले की लहानूला राग कुठं ठेवावा ते कळेना.

"आमी ते सोडलं जी," तो एवढंच म्हणाला. "छप्पन सालीच."

"काम वाईट नसतं लहानूभाऊ. कामाला वाईट म्हणणारे वाईट."

लहानूचा बाप गुलाब आर्वीकडच्या रोहण्यात राहत होता. छप्पनच्या दसऱ्याला तो गावातल्या चाळीस माणसांबरोबर नागपूरला दीक्षेला गेला आणि परत आला तेव्हा त्यानं मेलेलं ढोर ओढायचं आणि सोलायचं काम टाकून दिलं. गावानं वर्षभर मजुरी बंद ठेवली, विहीर बंद ठेवली. गुलाबची बायको त्या वर्षी दोन कोसांवरून पाणी आणून आणून खंगली. लहानू तेव्हा बारा वर्षांचा. बापानं त्याला समोर बसवून शब्द घेतला होता, मेलेल्या जनावराले या घरातला हात पुन्हा लागणार नाई. पेटीचं काम लहानूनं धरलं तेव्हा भात्याचं पांढरं कातडं नागपूरच्या इतवारीतून कमावलेलं, कापलेलं येतं हे कळल्यावर म्हाताऱ्यानं एकदा आपल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाला, "दुकानातलं हाये तर आन. पन माह्यासमोर ठिवजो नोको." तो स्वतः रबरी चपला घालायचा. उन्हाळ्यात तळपाय भाजायचे, पण चामडं पायातही नाही.

पंधरा दिवस पियानो पोट उघडं टाकून पडला. मग डिसेंबरात शाळेच्या गोठ्यातली कपिला गाय व्याली आणि तिसऱ्या दिवशी वासरू गेलं. गोठा सांभाळणारा रूपराव सकाळीच लहानूच्या दारात हजर.

"लहानूभाऊ, अण्णाजीनं बलावलं. तुमचं काम झालं म्हनते. द्येवानंच पाठवलं म्हनते."

"काय पाठवलं?"

"वासरू गेलं ना बाप्पा. पांढरंफेक होतं, नाकाजवळ तेवढं काळं."

तानाबाई चुलीपुढून उठून आली. "जाऊ नोका," ती म्हणाली. "पेटीवाले हा तुमी. त्याईले सांगा, वासरूवाले दुसरे बलवा."

पण लहानू गेला. का गेला, हे त्यानं स्वतःला पुढं कितीदा तरी विचारलं. वर्ध्यासारख्या गावात पियानो एकदाच येतो. तो त्याच्या हातानं उघडला गेला होता, आणि असाच मुका झाकला गेला असता तर नागपुरातली सात वर्षंही त्याच्याबरोबर झाकली गेली असती. शाळेत अण्णाजी कपिलेच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. डोळे ओले होते. म्हणाले, "मरणातूनही काही चांगलं होऊ द्या, लहानूभाऊ."

त्यानं वासरू हातगाडीवर घातलं. वर पोतं टाकलं. रूपरावाकडं फावडं मागितलं. शाळेच्या वावराच्या कडेला नाल्याजवळ पळसाची झाडी होती, तिथं गाडी नेली. रूपराव निम्म्या वाटेवरूनच फिरला. "मी नाई पाहत बाप्पा. माह्या हातानं दूध पाजलं त्याले. तुमचं तुमी करा."

झाडीत गेल्यावर लहानूनं खड्डा खणला. कमरेएवढा. वासराला दोन्ही हातांत घेऊन आत उतरला. त्याचे पाय पोटाशी दुमडले, मान वळवून घेतली, जसं ते आईच्या पोटात असेल तसं. कातडीला कुठं ओरखडा लागू दिला नाही. वर माती लोटली, काटेरी फांद्या टाकल्या, नाल्यात हात धुतले, आणि रिकामं पोतं गुंडाळून असं काखेत धरलं की बघणाऱ्याला ते भरलेलं वाटावं.

घरी तानाबाईला त्यानं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दळण निवडता निवडता तिच्या तोंडून आपसूक ओवी आली, हलक्या आवाजात, भिंतीलाही ऐकू जाणार नाही अशी:

गाईच्या गं वासराले माती झाली पांघरून
कोन सांगन गावाले, कोनं निजवलं गोंजारून

"गाऊ नको," लहानू म्हणाला.

"गान्याची चोरी काऊन? चांगलं केलं तर सांगाले भेता काऊन?"

"पियानो होऊ दे. मंग सांगतो."

महिनाभरानं, कातडं कमावायला जेवढे दिवस लागतात तेवढे मोजून, तो डिमेलोंच्या गुंडाळीतलं हरणाचं कातडं कापून शाळेत घेऊन आला. पंच्याऐंशी टाचा, पंच्याऐंशी शेपट्या. एकेक तुकडा करवंदाच्या पानाएवढा. कडा तिरप्या कापायच्या, सरस कडेबाहेर येता कामा नये, टाचेवर शंखजिऱ्याचा नुसता श्वास, शेपटीवर उलट्या बोटानं लव उभी करायची. आठ दिवस तो दुपारी जेवला नाही. आयुष्यात यापेक्षा चांगलं काम त्याच्या हातून झालं नव्हतं आणि पुढंही झालं नाही.

शेवटच्या दिवशी अण्णाजी आले. "झालं?"

"झालं जी."

"वासराचंच ना?"

लहानूनं होय अशी मान हलवली. तोंडानं तो शब्द बोलला नाही. नुसती मान हलवली, आणि खाली वाकून अवजारं पुसायला लागला.

लीलाबाई वाजवायला बसल्या. हातोड्या पाखरांसारख्या जायच्या, टेकायच्या, माघारी यायच्या. हळू दाबलं तर सूर कुजबुजायचा, जोरात दाबलं तर सगळी खोली भरायची. त्यांनी एकच पट्टी भरभर आठ वेळा वाजवली. आठही सूर सुटे, एकही चुकला नाही. वाजवता वाजवता त्या थांबल्या. अण्णाजी गेले होते. त्या हळूच म्हणाल्या, "जबलपूरच्या पियानोला अस्संच होतं, लहानूभाऊ. हे वासराचं नाही ना?"

लहानू वाकून अवजारं पुसत राहिला.

"मी काही विचारलं नाही," लीलाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा वाजवायला लागल्या.

जानेवारीच्या शेवटी सोहळा झाला. मांडवात हजार माणसं. नागपूरहून, अमरावतीहून पाहुणे. लीलाबाईंनी वाजवलं, मुलींनी गायलं, लोकांनी श्वास धरून ऐकलं. मग अण्णाजी बोलायला उभे राहिले. त्यांचा आवाज कधीच चढायचा नाही, त्या दिवशीही चढला नाही.

"या वाद्यात हिंसेचा कण नाही," ते म्हणाले. "आपल्या गोठ्यातल्या, आपल्या मरणानं गेलेल्या वासराचं कातडं आपल्या लहानूभाऊंनी स्वतःच्या हातानं काढलं आणि कमावलं. आपल्या हरिजन बंधूंची ही वडिलोपार्जित विद्या. ते तिला लाजायला लागले होते. आज तीच विद्या पियानोतून बोलते आहे. लहानूभाऊ, पुढे या."

लहानू पुढं गेला. तो कसला, नुसते पाय गेले त्याचे. अण्णाजींनी त्याच्या गळ्यात सुताचा हार घातला आणि त्याला उराशी धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यानं डोळे पुसले. त्या टाळ्यांत लहानूला पहिल्यांदा कळलं की आपण सोललं असतं तरी एवढंच झालं असतं. नाही सोललं, त्याचा हिशेब कुठंच नव्हता.

नागपूरच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, नावानिशी. रूपरावाची सासुरवाडी रोहण्याला. पेपर पोचायच्या आधी तो पोचला, आणि पारावर बसून सांगितलं, "म्या सोता त्याले वासरू गाडीवर घालताना पाह्यलं ना बाप्पा. फावडं बी म्याच देल्लं. उरलंसुरलं पुराले."

फेब्रुवारीत गुलाब वर्ध्याला तुरीची डाळ घेऊन आला, दरवर्षीसारखा. उंबऱ्याबाहेर पायलीची पिशवी ठेवली. तानाबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेली तर म्हणाला, "एस्टी स्टँडवर पेलो मी." आत आला नाही. उभ्या उभ्या लेकाच्या हातांकडं बघितलं आणि परत फिरला.

लहानू मागं धावला. "बा, म्या नाई सोललं. म्या पुरलं त्याले. आख्खं पुरलं."

"पेपरात खोटं हाये?"

"खोटं हाये."

"हार घातला तेबी खोटं?"

म्हातारा चालता चालता म्हणाला, "जयंतीले झेंडा मी चढवत असतो, तुले माह्यीत हाये. बावीस वर्सं झाली. अवंदा चौदा तारखेले लोकं माह्याकडं पाह्यतीन. ज्याच्या पोरानं वासरू सोललं त्यानं झेंड्याची दोरी कोन्या हातानं धरावी? त्याईच्यासमोर बोललं गेलं, तर त्याईच्यासमोरच खोडून घे. मले एकट्याले सांगून काय होते."

लहानू दीड महिना रोज उद्यावर ढकलत राहिला. शाळेत पियानो रोज वाजत होता. फाटकाबाहेर सायकल टेकवून तो ऐकायचा. ते सूर ऐकले की वाटायचं, एवढं गोड बोलणाऱ्याची जीभ आपल्याच हातानं कशी ओढावी. मार्च संपला. मग एका दुपारी तो अण्णाजींच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

सगळं सांगितलं. वासरू कुठं आहे, कातडं कशाचं आहे, मान का हलवली. अण्णाजी चरखा थांबवून ऐकत होते. त्यांचा चेहरा कधी नव्हे तो म्हातारा दिसला.

"तुम्ही मला फसवलं, लहानूभाऊ."

"हो जी. फसवलं."

"शिकारीचं कातडं माझ्या आवारात. आणि मी हजार माणसांपुढे..."

"तेच म्हनतो जी. हजार मानसायपुढं तुमी बोलले. आता तसंच एकडाव बोला, का लहानू ताकसांड्यानं वासरू सोललं नाई. पेपरात द्या. मंग मले जे म्हनाचं ते म्हना. चोर म्हना, लबाड म्हना. चालते मले."

अण्णाजींनी डोळे मिटले. "काय सांगू लोकांना? की आम्ही ज्याला अहिंसेचा पियानो म्हणालो त्यात मारलेलं हरीण होतं? पंचवीस वर्षांची संस्था आहे, लहानूभाऊ. आणि पुरावा काय? ते वासरू उकरलं तरी आता हाडंच निघतील. कातडं होतं की नव्हतं, हाडं सांगणार नाहीत." मग ते पुन्हा पहिल्यासारखं मऊ बोलले. "वासरू सोलणं यात तुम्हाला एवढी लाज का वाटावी, हेच मला समजत नाही. मी तर तुमचा गौरव केला."

लहानू त्यांच्याकडं बघत राहिला. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं.

"ते कातडं मात्र काढा," अण्णाजी म्हणाले. "आजच काढा. गाजावाजा नको."

लीलाबाई पियानोच्या खोलीतच होत्या. लहानूनं फळी काढली, पाणी तापवायला ठेवलं. "बाई, तुमाले माह्यीत होतं," तो म्हणाला. "तुमी एक शब्द बोलान का अण्णाजीले? त्याईले तुमचं खरं वाटन."

लीलाबाईंनी पट्ट्यांवरची धूळ पदरानं पुसली, नव्हती तरी पुसली. "मला कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, लहानूभाऊ."

"कोनी इचारनार नाई बाई."

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही विचारणार." आणि तो पहिला तुकडा काढायच्या आत खोलीतून निघून गेल्या.

ओल्या गरम फडक्यानं सरस सुटतो. फडकं टाचेवर धरायचं, शंभर आकडे मोजायचे, मग पातळ सुरी सरकवायची. पंच्याऐंशी टाचा, पंच्याऐंशी शेपट्या. इतकं नीट चिकटवलं होतं की एकही तुकडा सहजी सुटला नाही. मधेच त्यानं सवयीनं एक पट्टी दाबली. दांडा उघड्या लाकडावर खरवडला. संध्याकाळपर्यंत सगळं निघालं. त्यानं ते तुकडे पांढऱ्या रुमालात बांधले.

तेरा एप्रिलला तो रोहण्याला गेला. बौद्धवाड्यात पोरं विहाराला चुना मारत होती, कोणी निळ्या पताका दोरीला बांधत होतं. गुलाब अंगणात खाटेवर एकटाच बसला होता. लहानूनं समोर खाली बसून रुमाल सोडला.

"काय आनलं?"

"पियानोतलं कातडं. सारं काढलं म्या. अण्णाजीले सारं सांगतलं."

"मंग बोलले का ते लोकाईसमोर?"

"नाई बोलनार ते." लहानूनं रुमाल खाटेजवळ सरकवला. "बा, हे हरनाचं हाये. एक तुकडा बोटात धरा फक्त. तुमाले कळन. मंग तुमीच लोकायले सांगा. गावात तुमचा शब्द मानतेत."

गुलाबनं रुमालाकडं पाहिलं. ऐंशीच्या घरात आलेले त्याचे हात मांडीवर होते. अंगठा तर्जनीवरून एकदा फिरला, रिकामाच, जणू तिथं काहीतरी धरलेलं आहे.

"कळन ना मले," तो म्हणाला. "हात लागला का कळन. म्हून तर लावत नाई."

"एकडाव, बा."

"पाटीलबी असाच म्हने." म्हाताऱ्याचा आवाज कोरडा होता. "नागपूरहून आलो तं त्याच्या दारात गाय मरून पडली होती. तीन दिवस पडून राह्यली. तो सोता आला आपल्या दारात, हात जोडून. गुलाब, एकडाव. एवढी उचल, मंग नोको उचलू. तुही माय दारात उभी होती. तिनंबी म्हनलं, एकडाव उचला, पान्याचं तरी भागन. म्या नाई उचलली. तिले पान्यानं नेलं. आता तुह्यासाठी एकडाव लावू?"

चुना मारणाऱ्या पोरांपैकी कोणीतरी हसत होतं.

"तू सोललं नाई, हे मी मानतो," गुलाब म्हणाला. "न पाह्यताच मानतो, जा. पन त्यानं इचारलं, वासराचं का, तं तू मान काऊन हालवली?"

"पियानो वाजाव म्हून, बा."

"सोललं असतं तं एक वासरू सोललं असतं. मान हालवली त्यात आमी सारे सोलल्या गेलो." त्यानं पायानं रुमाल हलकेच परत ढकलला, पायात रबरी चपल होती. "बांध ते. लोकं येऊन राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा वाड्यातल्याच नानाजीनं चढवला. गुलाबनंच सकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं होतं, माह्या खांद्यात कळ हाये. वंदना सुरू झाली. बाया डाव्या बाजूला, माणसं उजव्या बाजूला, मेणबत्त्या, उदबत्त्या. गुलाब सगळ्यांत मागच्या ओळीत उभा होता. त्याचा आवाज पूर्वी सगळ्यांच्या वर ऐकू यायचा, सुरात पक्का. आज ओठ हलत होते फक्त. लहानूच्या कानाला ते बरोबर कळलं.

वंदना संपली. खीर वाटायला घेतली तशी माणसं पुढं सरकली. गुलाब मागंच राहिला, आणि लहानू त्याच्याही मागं.